पागोळ्यांपासून भिंतीचे रक्षण

पावसाळा संपल्यावर मातीच्या घराकडे पाहिले असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. वळचणीखालचा भिंतीचा वरचा भाग बहुधा शाबूत असतो. परंतु जमिनीलगतचा हातभर उंचीचा भाग चिखलाने माखलेला, पोपडे सुटलेला आणि पुष्कळदा आत झिजलेला दिसतो. पाऊस तर वरून पडतो. मग भिंत खालून का झिजावी? या प्रश्नाचे उत्तर थेंबाच्या वेगात आणि त्याच्या उसळण्यात आहे.

आकाशातून पडणाऱ्या थेंबाचा वेग अमर्याद वाढत नाही. हवेचा विरोध थेंबाच्या वजनाइतका झाला, की तो एकाच वेगाने खाली येऊ लागतो. २ मिलिमीटर व्यासाच्या थेंबाचा हा वेग सेकंदास सुमारे साडेसहा मीटर, तर ५ मिलिमीटर व्यासाच्या थेंबाचा सुमारे ९ मीटर असतो. छपराच्या कडेवरून गळणाऱ्या पागोळ्यांना इतकी उंची लाभत नाही. तथापि ३ मीटरांवरून पडणारा मोठा थेंबही सेकंदास ६ मीटरांहून अधिक वेगाने जमिनीवर आदळतो. शिवाय पागोळ्या सदैव एकाच रेषेत पडतात. छपराच्या एका बाजूची आडवी रुंदी ४ मीटर असेल आणि ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर कडेच्या प्रत्येक मीटरावरून सुमारे २०० लिटर पाणी खाली कोसळते.

आदळलेल्या थेंबाचे पुढे काय होते, याचा अभ्यास इंग्रज शास्त्रज्ञ आर्थर वर्दिंग्टन यांनी क्षणिक ठिणगीच्या प्रकाशात छायाचित्रे घेऊन केला आणि १९०८ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पाण्याच्या थरावर थेंब पडला, म्हणजे त्याभोवती मुकुटासारखी कडा उभी राहते व तिच्या टोकांपासून बारीक तुषार उडतात. ओल्या जमिनीवर हे तुषार मातीचे कण बरोबर घेऊन भिंतीवर आपटतात. त्यायोगे मातीच्या भिंतीतील चिकणमाती मऊ होऊन कण सुटू लागतात. विटांच्या भिंतीत मुरलेले पाणी सुकताना त्यातील क्षार स्फटिकरूपाने बाहेर येतात. यालाच लोणा लागणे म्हणतात. लोण्यामुळे गिलावा फुगतो व गळून पडतो.

यावर सोपा उपाय म्हणजे घराभोवती गोट्यांचा पट्टा घालणे होय. गोट्यांचे पृष्ठभाग निरनिराळ्या दिशांना कललेले असल्याने थेंब फुटून इतस्ततः विखुरतो आणि त्याचे तुषार शेजारच्या फटींत अडकतात. पाणी लगेच खाली उतरत असल्याने वर थर साचत नाही. उडालेच तर स्वच्छ पाणी उडते, चिखल नव्हे. जपानमधील पन्हळ नसलेल्या जुन्या मंदिरांभोवती, पागोळ्यांच्या रेषेत, असेच गोट्यांचे पट्टे आढळतात.

पट्टा सुमारे ४५ ते ६० सेंटिमीटर रुंद ठेवावा व पागोळ्यांची रेषा त्याच्या मध्यावर यावी. वळचण बरीच पुढे आलेली असेल, तर पट्टाही तितकाच पुढे सरकवावा. चर १५ सेंटिमीटर खोल खणून त्याचा तळ चांगला ठोकावा व त्यास भिंतीपासून बाहेरच्या बाजूस, ५० सेंटिमीटरांस १ सेंटिमीटर, असा उतार द्यावा. त्यावर २ ते ४ सेंटिमीटर आकाराचे धुतलेले गोटे किंवा खडी पसरावी. बारीक वाळू वा मुरूम येथे उपयोगी नाही, कारण त्यांच्या फटी लवकर बुजतात. गंगेच्या मैदानात दगड दुर्मीळ असल्याने तेथे जास्त भाजलेल्या विटांचे तुकडे चालतील. गोट्यांचा माथा जोत्याच्या माथ्यापेक्षा निदान १५ सेंटिमीटर खाली असावा.

तथापि या उपायात एक धोका आहे. पाण्यास बाहेर जाण्याची वाट नसेल, तर गोट्यांचा पट्टा म्हणजे पायाशेजारी खणलेला पाण्याचा हौदच ठरतो. दख्खनच्या काळ्या जमिनीत हे विशेष घातक आहे. ती माती पाण्याने फुगते व उन्हाळ्यात आकसते. या हालचालीने पाया हलून भिंतींना तडे जातात. अशा जमिनीत गोट्यांखाली फरशी किंवा काँक्रीटचा उतरता थर घालून, पाणी नालीने घरापासून दूर नेणे आवश्यक आहे.

शाळेत याचा प्रयोग सहज करता येतो. उभ्या फळीवर पांढरा कागद लावून तिच्यासमोर अनुक्रमे ओली माती, सपाट फरशी आणि गोटे ठेवावेत. छिद्र पाडलेल्या डब्यातून २ मीटर उंचीवरून तेवढेच पाणी प्रत्येकावर सोडावे व कागदावरील डागांची उंची मोजावी. पृष्ठभागानुसार होणारा फरक विद्यार्थ्यांस स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

पट्टा एकदा घालून भागत नाही. वाऱ्याने आलेली धूळ व पालापाचोळा फटींत साचला, की त्यात गवत उगवते, पाणी तुंबते आणि डासांची पैदास होते. यास्तव दरवर्षी मृगापूर्वी गोटे उपसून धुवावेत, तळाचा उतार तपासावा आणि ते पुन्हा पसरावेत. कुटुंबातील माणसांनी एका दिवसात करण्याजोगे हे काम आहे. ते वेळेवर झाले, तर भिंतीचा पायथा दरसाल नव्याने लिंपण्याचे कष्ट पुष्कळ कमी होतात.