परसातील दोषारोप

गोंदिया जिल्ह्यात धान हे बांधीचे पीक, आणि दोडका, लौकी, काकडी, कोहळा ही सांदवाडीची दौलत. बांधीत काही बिघडले तर त्याचा जाब पाऊस, तुडतुडा आणि सरकार यांना विचारला जातो. परंतु घरामागच्या त्या चिमूटभर जागेत वेल रोडावला की दोष घरातीलच कोणाच्या तरी माथी मारला जातो, आणि हा माथा बहुधा मुलाचा अथवा सुनेचा असतो.

लहान मुलांना प्रथम ताकीद मिळते ती बोटाची. वेलावरच्या कोवळ्या काकडीकडे सरळ बोट दाखवले की ती सडते, दाखवायचेच असेल तर बोट वाकडे करावे, असा दंडक आजीच्या अमलाखालील घरांत अद्याप चालू आहे, आणि दोन दिवसांत फळ पिवळे पडून गळाले की घरातील सर्वांत धाकटा इसम बिनचौकशी गुन्हेगार ठरतो. वस्तुस्थिती अशी की या वेलांवर नर व मादी फुले सामान्यतः पृथक् येतात. मादी फुलाच्या बुडाशी इवलेसे फळ उपजतच दिसते, परंतु परागसिंचन झाले नाही तर ते न वाढता पिवळे पडून झडते. हे सिंचन मुख्यतः कीटकांच्या हाती, आणि श्रावणातल्या संततधारेत मधमाशी बाहेर पडत नाही. ते साधलेच, तरी फळमाशी कोवळ्या सालीखाली अंडी घालते व तिच्या अळ्या आतला गर कुजवतात; अशी फळे जागीच पडू दिल्यास अळ्या मातीत शिरून कोश करतात आणि माशांची पुढची पिढी सिद्ध होते, म्हणून ती उचलून खोल पुरावीत. आरंभीची फुले बहुतांशी नरच असतात. ती गळाली म्हणून वेल वांझ ठरवणे हा निव्वळ अन्याय आहे. हाताने पराग लावू इच्छिणाऱ्याने वेळही पाहावी: कोहळा आणि काकडी सकाळी फुलतात, दोडका आणि लौकी मात्र सायंकाळी.

याहून क्लेशदायक आरोप विटाळाचा. पाळीच्या दिवसांत स्त्रीची सावली पडली तर तुळस कोमेजते, मिरचीचे रोप जळते, असे मानून तिला परसाची मनाई केली जाते. हे अज्ञान केवळ आपल्याच खेड्यांत नांदते असेही नव्हे. व्हिएन्नातील बेला शिक या नामांकित बालरोगतज्ज्ञाने, घटसर्पाच्या चाचणीला ज्याचे नाव आहे त्यानेच, 1920 साली मोलकरणीच्या हातची फुले कोमेजल्याचे निमित्त करून पाळीत शरीरातून विष स्रवते असा सिद्धांत मांडला होता. पुढे असे विष कोणाला सापडले नाही आणि तो सिद्धांत विज्ञानाने निकाली काढला. तुळस कोमेजते ती बहुधा मुळाशी पाणी तुंबल्याने किंवा मंजिऱ्या न खुडल्याने, आणि हे दोन्ही अपराध घरातील कर्त्या पुरुषाच्या हातूनही यथासांग घडतात.

पाण्याचीही अशीच कथा. भर दुपारी रुंद पाने माना टाकतात, कारण मुळे पुरवतील त्याहून अधिक पाणी पानांवाटे उडून जाते. सायंकाळी ती आपोआप सावरतात. पण तेवढ्यावरून बादल्या ओतल्या की आपल्या भारी, चिकण कन्हार मातीत पाणी साचते, मुळांना हवा मिळत नाही आणि रोप पाण्यातच मरते. सकाळीही पान मलूल असेल तरच माती उकरून पाहावी. उन्हात पानावर थेंब पडले तर ते भिंगाप्रमाणे पान जाळतात, या समजुतीची हंगेरीतील संशोधकांनी परीक्षा घेतली, आणि 2010 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की गुळगुळीत पानांना त्यापासून इजा होत नाही. लवदार पानांवर, जिथे थेंब केसांवर अधांतरी राहतो, तिथेच ती संभवते.

राईस मिलच्या राखेला खत समजणाऱ्यांसाठी थोडक्यात: तुसाची राख म्हणजे मुख्यत्वे सिलिका, तीत नत्र जवळजवळ नाही. माती भुसभुशीत करायला ती चालेल. शेणखताची जागा ती घेणार नाही. कच्चे तूस मातीत मिसळले तर कुजताना ते उलट मातीतलेच नत्र अडकवून ठेवते.

राहता राहिला घरधन्याचा लाडका समज, की घरची भाजी फुकट पडते. मांडवाचे बांबू, सुतळी, माकडांपासून राखण, आणि ज्या गृहिणीचा वेळ कोणत्याही जमाखर्चात लिहिला जात नाही तिची रोजची वाकून केलेली मजुरी, हे धरले तर हिशेब वेगळाच निघेल. भाजी ताजी मिळते, फवारणी आपल्या नजरेखाली राहते, हे लाभ खरेच. मात्र दोडके येतात ते सगळे एकदम, मुले चौथ्या दिवशी ताटावरून उठू लागतात, आणि टोपलीभर शेजारी धाडले तर टोपली परत येते तीही दोडक्यांनीच भरून.