भटक्या आणि बैठ्या अळ्या

चार दिवस राहिलेल्या केळ्यांच्या फणीवर चिलटे घोंगावू लागली, की आपण ती केळी उचलून टाकतो. टाकण्याआधी त्यातले सर्वांत मऊ, काळे पडलेले केळे सोलून पाहावे. गरात पांढरट, तांदळाच्या दाण्याहूनही लहान अळ्या वळवळताना बहुधा दिसतील. साधे भिंग असेल, तर अळीच्या तोंडाशी दोन काळे आकडेही दिसतात. ते पुढे रोवायचे, गर खरवडायचा आणि अंग पुढे ओढायचे, हा तिचा दिवसभराचा उद्योग. खरे तर ती फळापेक्षा त्यावर वाढलेले यीस्टच जास्त खाते. ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर या फळमाशीची अळी २५ अंश सेल्सिअस तापमानाला जेमतेम चार-पाच दिवस अळी असते. तेवढ्यात ती दोनदा कात टाकते, वजन सुमारे २०० पट वाढवते आणि कोषात जाते.

अशा जिवाच्या वागणुकीत अभ्यासण्यासारखे काय असणार, असे वाटणे साहजिक आहे. खाणे आणि सरकणे, एवढेच तर ती करते. पण 'वागणूक आनुवंशिक असते का?' या प्रश्नाचे आजवरचे सर्वांत स्वच्छ उत्तर ज्या थोड्या प्राण्यांकडून मिळाले, त्यांत या अळीचा क्रमांक बराच वर लागतो. हा प्रश्न शाळेलाही नवा नाही. 'हा मुलगा जात्याच चंचल', 'ती उपजतच हुशार', ही वाक्ये शिक्षक-खोलीत आपण सर्वांनीच ऐकलेली, कधी उच्चारलेलीही आहेत. 'जात्याच' या शब्दाचा नेमका अर्थ काय, हे अळीच्या बाबतीत तरी आज बऱ्यापैकी ठाऊक आहे.

कॅनडातील टोरांटो विद्यापीठात विद्यार्थिनी असताना मार्ला सोकोलोव्स्की फळमाशीच्या अळ्यांचे निरीक्षण करत होत्या. यीस्टच्या लगद्याचा पातळ थर द्यायचा, त्यावर एक अळी सोडायची आणि पाच मिनिटांत ती किती लांब जाते ते मोजायचे. अळी सरकली की लगद्यावर तिचा माग उमटतो, त्यामुळे मोजणे सोपे. काही अळ्या खात खात बऱ्याच दूर जात, तर काही सोडल्या जागेच्या आसपासच खात राहत. पहिल्यांना त्यांनी 'रोव्हर' म्हटले, दुसऱ्यांना 'सिटर'. आपण त्यांना भटक्या आणि बैठ्या म्हणू. हे काम १९८० साली प्रसिद्ध झाले.

येथे विद्यार्थी एक शंका हमखास काढतील, आणि ती काढायलाच हवी. बैठी अळी आजारी किंवा अशक्त नसेल कशावरून? याची तपासणी सोपी आहे. दोन्ही प्रकारच्या अळ्या अन्न नसलेल्या अगारवर सोडल्या, तर दोन्ही सारख्याच फिरतात. म्हणजे बैठ्या अळीला चालता येत नाही असे नाही. फरक दिसतो तो अन्न समोर असताना. 'असलेले खाऊन संपवावे, की पुढे काय आहे ते पाहावे?' या प्रश्नाला दोघी वेगळे उत्तर देतात, इतकेच.

आता संकर. भटक्या वाणाच्या आणि बैठ्या वाणाच्या माश्यांचा संकर केला, तर पहिल्या पिढीतील अळ्या भटक्या निघतात. त्या पिढीचा आपसात संकर केला, की दुसऱ्या पिढीत साधारण तीन भटक्या अळ्यांमागे एक बैठी मिळते. वाटाण्याच्या धड्यातले मेंडेलचे ३:१ हे प्रमाणच एका वागणुकीत उतरलेले आहे. अर्थ असा, की या फरकामागे मुख्यतः एक जनुक असावे आणि त्याचे भटके रूप प्रभावी, बैठे रूप अप्रभावी असावे. पण वाटाणा गोल की सुरकुतलेला हे डोळ्यांना कळते, तसे येथे नाही. एखादी भटकी अळी त्या दिवशी कमी सरकते, एखादी बैठी जास्त. दोन्ही गटांच्या मागांच्या लांबी काही भागात एकमेकींवर चढलेल्या असतात. एका अळीचा एक माग पाहून तिची जात सांगणे धोक्याचे. अनेक मोजल्या म्हणजेच चित्र उमटते.

असे काम यापूर्वी झाले नव्हते असे नाही. अमेरिकेत सेमूर बेन्झर आणि रॉन कोनोप्का यांनी १९७१ साली फळमाशीच्या दिवस-रात्रीच्या तालावर परिणाम करणारे जनुक दाखवले होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी १९७०च्या दशकात वास आणि चव ओळखण्यात बिघाड असलेल्या फळमाश्यांवर महत्त्वाचे काम केले. पण तेथे पद्धत अशी, की रसायनाने उत्परिवर्तन घडवायचे, म्हणजे यंत्राचा एखादा भाग मोडायचा, आणि काय बंद पडते ते पाहायचे. भटक्या आणि बैठ्या अळ्यांत मोडलेले काहीच नाही. दोन्ही बागेत, फळांवर, निसर्गतःच सापडतात. टोरांटोच्या परिसरात सुमारे ७० टक्के भटक्या आणि ३० टक्के बैठ्या. दोन्ही धडधाकट. आमच्या मते या कामाचे खरे महत्त्व येथे आहे.

या जनुकाला 'फोरेजिंग', म्हणजे अन्नशोध, असे नाव मिळाले. १९८९ साली ते दुसऱ्या गुणसूत्राच्या डाव्या बाहूवर असल्याचे निश्चित झाले. गंमत म्हणजे त्याच वर्षी दुसरे दोन संशोधक, कॅल्डेरॉन आणि रुबिन, फळमाशीतील एका विकराची जनुके शोधून मोकळे झाले होते. अळ्यांच्या भटकण्याशी त्यांना काही देणेघेणे नव्हते. त्यांच्या जनुकांपैकी एक आणि 'फोरेजिंग' हे एकच आहे, हे उघड व्हायला १९९७ साल उजाडले. पुरावा पक्का होता: त्या जनुकाची जादा प्रत बैठ्या वाणाच्या माशीत घातली, तेव्हा तिची संतती भटकी झाली.

या विकराचे थोडक्यात नाव पीकेजी. त्याचे काम म्हणजे पेशीतील इतर प्रथिनांवर फॉस्फेटचा गट चिकटवणे. फॉस्फेट चिकटला की ते प्रथिन जागे होते, नाहीतर शांत बसते, विजेच्या बटणासारखे. भटक्या अळ्यांत या विकराची क्रिया बैठ्यांपेक्षा जास्त असते, पण थोडीशीच. असलेले-नसलेले असा हा फरक नव्हे. शिवाय हे विकर फक्त भटकण्यासाठी नाही. आपल्या शरीरातही त्याचा भाऊबंद आहे, आणि रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल करणे हे त्याचे एक ठाऊक असलेले काम. तेव्हा 'भटकण्याचे जनुक सापडले' असे वर्तमानपत्री मथळ्यात म्हटले, तर ते चूकच. सापडले ते एका बटणाचे जनुक, आणि ते बटण किती दाबलेले आहे यावर इतर गोष्टींबरोबर अळीचा मागही अवलंबून असतो.

'जात्याच' या शब्दाला खरा धक्का पुढे बसतो. भटक्या अळीला काही काळ उपाशी ठेवा, किंवा निकस अन्नावर सोडा. मग यीस्टवर तिचा माग आखडतो आणि ती बैठ्या अळीसारखी वागू लागते. जनुक बदललेले नाही, वागणूक बदलली. जनुकाने अळीला एकच चाल नेमून दिली नव्हती. कोणत्या परिस्थितीत काय करावे याचा कल तेवढा दिला होता, आणि तो कल परिस्थिती वाचूनच चालतो.

मग दोन्ही रूपे निसर्गात टिकली कशी? एक बरी असती तर दुसरी कधीच नाहीशी व्हायला हवी होती. याचीही परीक्षा झाली. माश्यांच्या काही समूहांना अनेक पिढ्या दाटीत वाढवले, काहींना मोकळ्या जागेत. दाटीत भटक्यांचे प्रमाण वाढले, मोकळ्यात बैठ्यांचे. हे १९९७ सालचे काम. २००७ साली आणखी एक गोष्ट दिसली. अन्न कमी असताना जो प्रकार संख्येने थोडा, त्याच्याच अळ्या जास्त तगतात. सगळ्या भटकू लागल्या, तर जागेवर खात बसणारीचे फावते. सगळ्या बसून राहिल्या, तर दूर जाणारीचे. त्यामुळे दोघींपैकी कोणीच संपत नाही.

हेच जनुक मधमाशीतही आहे, आणि तेथे त्याची गोष्ट वेगळी. कामकरी माशी पहिले दोन-तीन आठवडे पोळ्यात राहून अळ्यांना भरवते, मग मकरंद-परागासाठी बाहेर पडते. २००२ साली दिसले, की बाहेर जाणाऱ्या माश्यांच्या मेंदूत हे जनुक घरातल्या माश्यांपेक्षा जास्त चालते. हा वयाचा परिणाम असेल का? संशोधकांनी फक्त कोवळ्या माश्यांची वसाहत केली. तिथे वडीलधारे कोणी नसल्याने काही माश्या लहान वयातच बाहेर पडू लागल्या, आणि त्यांच्यातही जनुक जास्त चालत होते. फळमाशीत दोन अळ्यांत फरक पाडणारे जनुक मधमाशीत एकाच माशीच्या आयुष्याच्या दोन टप्प्यांत फरक पाडते. आणि ते कधी चालू व्हायचे, हे वसाहतीच्या गरजेवरही ठरते.

नववी-दहावीच्या वर्गात यातला काही भाग करून पाहता येतो. रुंद तोंडाच्या बाटलीत पिकलेल्या केळ्याचा तुकडा उघडा ठेवावा, चिलटे आली की तोंडाला पातळ कापड बांधावे. आठवड्याभरात मोठ्या अळ्या मिळतील. घ्यायच्या त्या गरात तोंड खुपसून बसलेल्याच. बाटलीच्या काचेवर चढणाऱ्या अळ्या कोषासाठी कोरडी जागा शोधत असतात. ते भटकणे प्रत्येकीच्या वाट्याला येते, त्याचा आपल्या प्रश्नाशी संबंध नाही. आमच्या हातून सुरुवातीला हीच चूक झाली होती आणि सगळ्याच अळ्या भटक्या निघाल्या! बेकरीतले यीस्ट पाण्यात कालवून काचेवर पातळ पसरावे, काचेखाली काळा कागद ठेवावा. अळी ओल्या कुंचल्याने उचलून पाण्यात धुवावी, मग यीस्टवर पाच मिनिटे सोडावी. मागावर दोरा ठेवून लांबी मोजता येते. नंतर तीच अळी धुऊन, साखर न घालता गोठवलेल्या चायना ग्रासवर सोडावी. अगार म्हणजे तेच. तेथे माग दिसत नाही, म्हणून तिची वाट वर धरलेल्या पारदर्शक कागदावर पेनने काढत जावी.

आपल्याकडे केळ्यांवर ड्रॉसोफिलाच्या अनेक जाती येतात, तेव्हा मिळालेल्या अळ्यांना भटक्या-बैठ्या अशी नावे देण्याची घाई करू नये. निदान ३० अळ्यांचे आकडे जमवून आलेख काढावा. यीस्टवर सर्वांत लांब गेलेल्या अळ्या चायना ग्रासवरही सर्वांत पुढे असतात, की तेथे क्रम बदलतो, हे त्या आलेखात पाहावे.