सिनेमानंतरची खरवड

दूध आटवून झालं, की पातेल्याच्या तळाशी खरवड उरते. ती पाहुण्यांच्या ताटात कधी जात नाही. घरातली एखादी पोर, नाहीतर पातेलं घासायला बसलेली बाई ती चमच्यानं काढून खाते, आणि खरं सांगू का, सगळ्यात गोड तीच लागते. डीव्हीडीवरच्या ‘स्पेशल फीचर्स’ची गोडी मला अगदी तशीच लागली.

आमच्या भंडाऱ्यात आधी व्हीसीडीचं राज्य होतं. एका व्हीसीडीत साधारण ८० मिनिटं मावायची. म्हणजे एका सिनेमाच्या दोन सीडी, आणि ‘लगान’सारखा पावणेचार तासांचा असला तर तीन! सिनेमाच जेमतेम कोंबून बसवलेला, तिथे आणखी काही कुठून येणार? मग २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीनं २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी बाजारात आणली. तोवर भाड्यानं आणायची वस्तू आम्ही बायका भाजीच्या पिशवीत टाकून घरी आणू लागलो. अर्थात, मी आणलेल्या त्या स्वस्त डीव्हीडींमध्ये बहुधा नुसता सिनेमाच असे.

त्याच सुमारास ‘लगान’ला पाच वर्षं उलटून गेल्यावर तीन डिस्कची खास पेटी निघाली. माझ्या भावानं ती नागपूरला सीताबर्डीवर घेतली आणि भाऊबीजेला ओवाळणीत घातली. साडीची वाट पाहत होते, त्यामुळे जरा हिरमुसलेच! सिनेमा तर पाठ होता. म्हणून पेटी कपाटात गेली ती संक्रांतीपर्यंत बाहेर आली नाही.

एका दुपारी निवडण-टिपण करताना सहज म्हणून ‘चले चलो’ नावाची डिस्क लावली. सत्यजित भटकळ यांनी ‘लगान’ कसा घडला यावर केलेला हा माहितीपट. सोबत सासूबाई सुपात लाखोरीची डाळ घेऊन बसल्या होत्या. त्यांना सिनेमाचं वेड कधीच नव्हतं. पण पाच मिनिटांत सूप बाजूला सरकलं.

समोर होतं भुजजवळचं कुनरिया गाव. २००० सालच्या जानेवारीपासून पुढे कितीतरी महिने सगळं युनिट तिथे मुक्कामाला. दिग्दर्शक आशुतोष गोवारीकरांच्या पाठीचा मणका दुखावला, तर गडी खाटेवर आडवा पडून समोरच्या छोट्या पडद्यावर बघत शूटिंग करतोय. क्रिकेट सामन्यासाठी आजूबाजूच्या गावांतली दहा हजार माणसं जमवलेली. ती उन्हात कंटाळू नयेत म्हणून आमीर खान माइक घेऊन ‘आती क्या खंडाला’ म्हणतोय. तेव्हा हिंदी सिनेमातले संवाद बहुतेक नंतर स्टुडिओत भरले जात. इथे मात्र नकुल कामटे यांनी ते जागेवरच ध्वनिमुद्रित केले. म्हणजे एवढ्या गर्दीला गप्प बसवायचं! लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी शंभर माणसं गप्प बसवताना आपली काय दमछाक होते, ते ज्यानं त्यानं आठवावं.

सासूबाईंची नजर मात्र कपड्यांवर. या सिनेमाची वेशभूषा आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांची, असं मी सांगितलं. ‘गांधी’ सिनेमासाठी १९८३ मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. ‘लगान’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. ऑस्करचं त्यांना काही कौतुक नाही. त्या म्हणाल्या, “बाई आहे का? मंग बरोबर. लुगडं वापरलेलं दिसून रायलं.”

आणि मग त्यांनी विचारलं, “आन् एवढ्या मानसाईचा सयपाक कोन करे वं?”

नेमकी तेव्हाच लाईट गेली. भारनियमनाचे दिवस होते ते, आता दोन-तीन तासांची निश्चिंती. मी उठायला लागले, तर अंधारात सासूबाईच बोलू लागल्या.

त्यांचं सासर लाखांदूरकडचं. म्हणजे झाडीपट्टी. धान निघाला, दिवाळी झाली, की गावोगावी मंडई भरते आणि रात्रभर नाटक चालतं, हे तुम्हाला सांगायला नको. त्यांच्या गावी नाटक आलं, की कलाकारांचं जेवण यांच्या घरी. तीस-पस्तीस पानं. भात, वरण, वांग्याची भाजी, चुलीवर. पंगती उठेपर्यंत तिकडे नांदी होऊन जायची. भांडी घासून, लुगडं बदलून, पोरगं काखेत घेऊन मांडवात पोचेपर्यंत पहिला अंक संपलेला असे. “मी एकाही नाटकाचा पयला अंक पाह्यलाच नाही,” त्या म्हणाल्या. शेजारच्या बाईला “काय झालं वं?” असं विचारून त्या पुढचं नाटक समजून घेत. राजाची भूमिका करणाऱ्या नटाला जास्त तिखट चालत नसे, हे मात्र त्यांना इतक्या वर्षांनीही पाठ!

लग्नाला सोळा वर्षं झाली होती माझ्या. यातलं एक अक्षर मला ठाऊक नव्हतं.

लाईट आल्यावर उरलेला माहितीपट पाहिला. पुढे कित्येक दुपारी ती पेटी पुरली. त्यात सिनेमातून कापलेले प्रसंगही होते. ते पाहून सासूबाईंचा निकाल, “काढलं तेच बरं केलं.” मलाही तसंच वाटलं. गाळलेल्या प्रसंगांचं उगाच कौतुक करतात लोक. बहुतेक वेळा ते गाळण्यासारखेच असतात. मेकिंगची गोष्ट वेगळी. २००८ मध्ये ‘तारे जमीं पर’चीही डीव्हीडी आली, तेव्हा मी साडीचे पैसे वाचवून ती स्वतः घेतली.

आता ते सगळं गेलं. मोझर बेअर कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली, भानूताई २०२० मध्ये गेल्या. आमच्या प्लेअरचा ट्रे बाहेरच येत नाही, आणि दुरुस्त करणारा म्हणतो, “फेकून द्या, ताई.” पेटी दिली नाही मी कुणाला. सिनेमे लेकीच्या कृपेनं मोबाईलवरून टीव्हीवर येतात. पण शेवटची नावं सुरू झाली रे झाली, की चित्र आक्रसून कोपऱ्यात जातं आणि पुढचा सिनेमा सुरू व्हायची घाई.

सासूबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. इंग्रजी वाचता येत नाही, पण नावं पळायला लागली, की मला रिमोट धरायला लावतात. “थांबव वं. सयपाकवाल्याचं नाव आलं का?” मग मी चष्मा लावून एकेक ओळ वाचत बसते. लाईटवाले, सुतार, शिंपी, ड्रायव्हर... परवा ‘केटरिंग’ आलं. मी ते दोनदा वाचून दाखवलं.