भांडवली तोटा आठ वर्षे पुढे ओढण्याची मुभा. मात्र विवरणपत्र मुदतीत हवे

समभाग, म्युच्युअल फंड वा जमिनीच्या विक्रीत झालेला तोटा भांडवली नफ्यातून वजा करण्याची तरतूद भारतीय आयकर कायद्यात आहे. त्याच वर्षी पुरेसा नफा नसल्यास उर्वरित तोटा पुढील आठ वर्षे ओढता येतो. विक्री न झालेल्या समभागांचा भाव घसरला, तर तो तोटा धरला जात नाही.

अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यांतून वजा होतो; दीर्घकालीन तोटा केवळ दीर्घकालीन नफ्यातून. शेअर बाजारात नोंदलेले समभाग बारा महिन्यांहून, तर जमीन वा घर चोवीस महिन्यांहून अधिक काळ बाळगल्यास व्यवहार दीर्घकालीन ठरतो. वेतन, घरभाडे वा व्याजातून हा तोटा वजा होत नाही.

समजा, करपात्र वेतन असलेल्या व्यक्तीला गतवर्षी अशा समभागांत २ लाख रुपयांचा अल्पकालीन तोटा आणि यंदा ५ लाखांचा दीर्घकालीन नफा झाला. तोटा वजा जाता ३ लाख उरतात. त्यातील १.२५ लाख करमुक्त असल्याने १.७५ लाखांवर, २३ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या १२.५ टक्के दराने, २१,८७५ रुपये कर होतो. तोटा ओढला नसता तर तो ४६,८७५ रुपये झाला असता. उपकर वेगळा.

हा लाभ आपोआप मिळत नाही. तोट्याच्या वर्षाचे विवरणपत्र विहित मुदतीत दाखल करावे लागते. उत्पन्न करपात्र नाही म्हणून ते न भरणारे, तसेच विलंबाने भरणारे, तोटा पुढे ओढण्याचा हक्क गमावतात.