निवृत्त न्यायाधीश मध्यस्थ होतात तेव्हा : अधिकार बाजूला ठेवण्याची कसोटी

नवी दिल्ली : देशातील न्यायालयांत प्रलंबित खटल्यांची संख्या पाच कोटींच्या पुढे गेली असताना मध्यस्थीच्या मार्गाने वाद मिटविण्यावर भर वाढला आहे. या कामासाठी निवृत्त न्यायाधीशांकडे पक्षकारांचा ओढा असतो. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती वयाच्या ६२ व्या, तर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ६५ व्या वर्षी निवृत्त होतात. त्यानंतर त्यांच्यापैकी अनेक जण लवाद किंवा मध्यस्थ म्हणून काम पाहतात. ही दोन्ही कामे बाहेरून सारखी वाटली, तरी त्यांत मूलभूत अंतर आहे. लवाद निवाडा देतो. मध्यस्थाला निवाडा देण्याचा अधिकारच नसतो.

आयुष्यभर निकाल देणाऱ्या व्यक्तीने निकाल न देता वाद कसा मिटवायचा, हा या भूमिकेतील कळीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर चुकले, तर तडजोडीच्या नावाखाली पक्षकारांवर एक प्रकारे निकालच लादला जाण्याचा धोका असतो. शिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार पक्षकारांच्या संमतीने झालेल्या हुकूमनाम्याविरुद्ध अपील करता येत नाही. त्यामुळे ती संमती खरी असणे अत्यंत महत्त्वाचे ठरते.

कायद्याची चौकट

दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८९ हे १ जुलै २००२ पासून अमलात आले आणि न्यायालयांना प्रलंबित दावे मध्यस्थीकडे पाठविण्याचा मार्ग खुला झाला. २००५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात न्यायालयाशी संलग्न मध्यस्थी केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाची मध्यस्थी व सलोखा प्रकल्प समिती स्थापन झाली. या समितीच्या कार्यक्रमात मध्यस्थांसाठी ४० तासांचे प्रशिक्षण असते.

कोणते वाद मध्यस्थीस योग्य आहेत, याचे विवेचन सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या ‘अॅफकॉन्स’ निकालात केले. व्यापारी करार, वैवाहिक तंटे, कुटुंबातील वाटण्या, शेजाऱ्यांमधील वाद अशी प्रकरणे त्यात येतात. गंभीर फसवणुकीचे आरोप किंवा फौजदारी खटले मात्र वगळण्यात आले. पुढे ‘पाटील ऑटोमेशन’ प्रकरणात न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले की, तातडीचा अंतरिम दिलासा मागितलेला नसेल, तर व्यापारी दावा दाखल करण्यापूर्वी मध्यस्थीचा प्रयत्न सक्तीचा आहे. मध्यस्थी अधिनियमाला सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यातील काही तरतुदी ९ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाल्या; सर्व तरतुदी एकाच वेळी अमलात आलेल्या नाहीत.

न्यायासनावरील सवयी

न्यायाधीशाची कार्यपद्धती वगळण्याची असते. मुद्दे निश्चित करायचे, अप्रस्तुत बाबी बाजूला सारायच्या, पुरावा तोलायचा आणि कारणांसह निकाल द्यायचा, असा तो क्रम आहे. मध्यस्थाला नेमके याच्या उलट वागावे लागते.

समजा, दोन भावांत वडिलोपार्जित घराच्या वाटणीचा दावा सुरू आहे. बोलता बोलता धाकटा भाऊ आईच्या आजारपणाचा विषय काढतो. तिची शेवटची काही वर्षे त्याने एकट्याने निभावली, थोरला मात्र सणावारालाही फिरकला नाही, अशी त्याची तक्रार आहे. हिस्सा किती, या प्रश्नाशी तिचा संबंध नसल्याने न्यायालयात वकिलांना मुद्द्यावर येण्यास सांगितले जाते. मध्यस्थासमोर मात्र वादाचे मूळ कदाचित तेथेच सापडते. घराच्या किमतीबाबत दोघांत मतभेद नसतात. धाकट्याला आपल्या कष्टांची दखल हवी असते. ती घेतली गेली, की धाकट्याने घर ठेवावे आणि थोरल्याला त्याच्या हिश्श्याची रक्कम हप्त्यांनी द्यावी, अशी व्यवस्था दोघांच्याही मनात येऊ शकते. न्यायालय हिस्से ठरविते. घराचे तुकडे पाडणे शक्य नसेल, तर अनेकदा विक्रीचाच मार्ग उरतो.

दुसरा मोठा फरक एकांतातील भेटींचा आहे. एका पक्षकाराला दुसऱ्याच्या गैरहजेरीत भेटणे न्यायाधीशासाठी वर्ज्य असते. मध्यस्थीत मात्र अशा स्वतंत्र बैठका हे नेहमीचे साधन आहे. समोरच्या पक्षापुढे कबूल न करता येणारी अडचण, उदाहरणार्थ पैशांची निकड, पक्षकार तेथे मोकळेपणाने सांगू शकतो. ती माहिती त्याच्या परवानगीविना दुसऱ्या बाजूकडे जाऊ न देणे हे मध्यस्थाचे कर्तव्य असते.

अनुभवाचा उपयोग कोठे?

न्यायदानाचा अनुभव मध्यस्थीत निरुपयोगी ठरतो, असे नाही. कोणता दस्तऐवज पुराव्यात टिकेल, उलटतपासणीत कोणता साक्षीदार कोसळेल, अपिलांच्या पायऱ्या चढताना किती वर्षे जातील, याची जाण निवृत्त न्यायाधीशांना असते. ही जाण मते म्हणून मांडायची की प्रश्न म्हणून, यावर त्यांच्या कामाचा कस ठरतो. ‘तुमचा दावा कमकुवत आहे,’ असे विधान पक्षकाराला निकालासारखे ऐकू येते. ‘ही पावती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही, तर तुमच्यापुढे कोणता मार्ग राहील?’ हा प्रश्न मात्र त्याला स्वतःच्या बाजूचा विचार करायला लावतो. पहिल्या पद्धतीत निष्कर्ष मध्यस्थाचा असतो. दुसरीत तो पक्षकाराचा होतो.

करारनाम्याच्या मसुद्यातही हा अनुभव कामी येतो. रक्कम कोणत्या तारखेला द्यायची, ताबा केव्हा सोडायचा, हप्ता चुकल्यास काय करायचे, या बाबी मोघम राहिल्या तर समझोता नव्या वादाचे कारण बनतो. अंमलबजावणीचे अर्ज हाताळलेल्या न्यायाधीशांना ही भोके लवकर दिसतात. अमेरिकेतील ‘जॅम्स’ ही वाद निवारण संस्था १९७९ मध्ये कॅलिफोर्नियात निवृत्त न्यायाधीश एच. वॉरेन नाइट यांनी सुरू केली. न्यायालयीन अनुभवाला न्यायालयाबाहेरही मागणी असते, हे तिच्या वाढीतून दिसून आले.

आदराचा दबाव

माजी न्यायमूर्तींविषयी समाजात असलेला आदर हे त्यांचे बळ आहे आणि मर्यादाही. त्यांच्या शब्दामुळे ताठर पक्षकार चर्चेला बसतात. परंतु त्यांनी सहज सुचविलेला आकडाही आदेश समजला जाऊ शकतो. विशेषतः वकिलाविना आलेला, आर्थिकदृष्ट्या दुबळा किंवा कुटुंबात दुय्यम स्थान असलेला पक्षकार ‘साहेब म्हणतात ते योग्यच असेल’ असे मानून मान डोलावतो. अशा समझोत्याने प्रकरण निकाली निघते. मनातील सल तसाच राहतो.

२०२३ च्या अधिनियमात यासंबंधी स्पष्ट शब्द आहेत. मध्यस्थाने समझोता लादू नये, तसेच समझोता होईलच अशी हमीही देऊ नये, असे त्यात म्हटले आहे. त्याच वादात त्याला पुढे लवाद किंवा वकील म्हणून काम करता येत नाही. ‘अॅफकॉन्स’ निकालातही याच्याशी सुसंगत भूमिका आहे. खटला चालविणाऱ्या न्यायाधीशाने स्वतः तडजोडीचा प्रयत्न केला आणि तो फसला, तर पूर्वग्रहाची शंका राहू नये म्हणून त्याने पुढे त्या खटल्याचा निकाल देऊ नये, असे त्यात नमूद आहे.

अपयशाचेही स्थान

मध्यस्थी फसली, तरी मध्यस्थाने कोण आडमुठे होते, हे न्यायालयाला कळवायचे नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ‘मोतीराम’ प्रकरणात सांगितले की, समझोता झाला तर मध्यस्थाने केवळ करार न्यायालयाकडे पाठवावा. न झाल्यास मध्यस्थी असफल ठरली, एवढेच कळवावे. प्रत्येक निकालाची कारणे लिहिण्याची सवय असलेल्या न्यायाधीशासाठी हे मौन सोपे नसते.

अयोध्या प्रकरण हे याचे ठळक उदाहरण आहे. ८ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या वादासाठी निवृत्त न्यायमूर्ती एफ. एम. आय. कलिफुल्ला यांच्या अध्यक्षतेखाली तीन सदस्यांची समिती नेमली. आध्यात्मिक गुरू श्री श्री रविशंकर आणि ज्येष्ठ वकील श्रीराम पंचू हे अन्य सदस्य होते. कामकाज बंद दाराआड ठेवण्यात आले. मध्यस्थीतून तोडगा निघाला नसल्याचे न्यायालयाने २ ऑगस्टला सांगितले, ६ ऑगस्टपासून दैनंदिन सुनावणी सुरू झाली आणि ९ नोव्हेंबरला निकाल लागला. मध्यस्थी अपुरी ठरली, तरी पक्षकारांचा न्यायालयात दाद मागण्याचा हक्क अबाधित राहतो, हे त्यातून दिसले.

पक्षकारांनी काय लक्षात ठेवावे?

मध्यस्थ कितीही नामांकित असला, तरी काही बाबी पक्षकारांनी आधीच जाणून घेणे हिताचे आहे. कोणत्याही पक्षाशी पूर्वसंबंध असल्यास तो मध्यस्थाने उघड करणे अपेक्षित असते. त्यांनी मध्यस्थीचे प्रशिक्षण घेतले आहे का, हेही विचारता येते. स्वतंत्र बैठकीतील कोणती माहिती दुसऱ्या बाजूला सांगायची नाही, हे स्पष्टपणे बजावावे. समझोत्याचा मसुदा आपल्या भाषेत समजून घ्यावा आणि सही करण्यापूर्वी वकिलाचा किंवा कुटुंबीयांचा सल्ला घेण्यासाठी वेळ मागावा.

नव्या कायद्याच्या योजनेनुसार स्वाक्षरी झालेला समझोता न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अमलात आणता येतो आणि त्याला फसवणूक, भ्रष्टाचार, तोतयेगिरी किंवा वाद मध्यस्थीस अयोग्य असणे एवढ्याच कारणांवर आव्हान देता येते. ‘मध्यस्थांपुढे नाही म्हणवले नाही’ हे कारण त्या यादीत नाही. म्हणून अटी मान्य नसतील, तर नकार सहीपूर्वीच द्यावा लागतो आणि तो ऐकून घेण्याची तयारी निवृत्त न्यायाधीशांनाही ठेवावी लागते.