खुरांनी राखलेली वाट

आष्टी म्हटलं की 16 ऑगस्ट 1942 चा पोलीस ठाण्यावरचा मोर्चा आणि त्यातले हुतात्मे आठवतात. गावाच्या नावाला ‘शहीद’ जोडलं गेलं ते त्यांच्यामुळे. त्याच आष्टीच्या आणि शेजारच्या आर्वी-कारंजाच्या बरड टेकड्यांवर गवळाऊ गाईंचे कळप चरतात, आणि ते राखणारा नंदगवळी समाज पिढ्यान्‌पिढ्या इथे राहतो. हा लेख त्या कळपाबद्दल आहे. कळपाला मी संस्थाच मानते. तिला इमारत नाही, नोंदवही नाही; पण रोजची वेळ आहे, ठरलेली वाट आहे, प्रत्येक जनावराची जागा आहे, आणि पायाची निगा राखायची एक पद्धत आहे.

पायाच्या निगेचा विषय निघालाच आहे, तर आधी थोडं घोड्यांविषयी. जेमी जॅक्सन हा अमेरिकेतला नालबंद. 1980 च्या दशकात तिथल्या ग्रेट बेसिन या रखरखीत मुलखातल्या रानटी घोड्यांचे खूर त्याने बारकाईने पाहिले. कोणी कधी हात न लावलेले ते खूर आखूड, गोलसर कडेचे आणि टणक होते. तबेल्यात उभ्या असणाऱ्या, वेळेवर नाल बदलल्या जाणाऱ्या घोड्यांच्या खुरांत मात्र तक्रारी संपत नव्हत्या. पुढे 2006 साली ‘पॅडॉक पॅरडाइज’ या पुस्तकात त्याने सुचवलं की कुरणाच्या मधोमध घोडा मोकळा सोडू नका. कडेकडेने दुहेरी कुंपण घालून एक अरुंद वाट आखा. पाणी एका टोकाला ठेवा, वाळला चारा थोडा थोडा करून दुसरीकडे टाका, मध्ये कुठे खडी, कुठे माती, कुठे चढ असू द्या, आणि घोडा एकटा न ठेवता कळपात ठेवा. मग त्याला हाकलावं लागत नाही, तो आपणच चालतो. ऑस्ट्रेलियात रानटी घोड्यांच्या गळ्यात उपग्रहयंत्रं बांधून मोजणी झाली तेव्हा दिवसाची सरासरी चाल 16 किलोमीटरच्या आसपास भरली. तबेल्यातला घोडा त्या मानाने जागच्या जागीच उभा असतो.

जमिनीकडूनच खूर घडवून घ्यायची ही कल्पना तशी जुनीच. इसवीसनपूर्व चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीक सेनानीने अश्वविद्येवर लिहिताना सांगून ठेवलंय की तबेल्याबाहेर चार-पाच गाड्या गोल दगड पसरावेत, म्हणजे घोडा त्यावर उभा राहून, पाय आपटून खूर घट्ट करील. तेव्हा ग्रीकांकडे खिळ्यांची नाल नव्हती.

महाराष्ट्रात अशा चालत्या घोड्याशी जवळचं नातं सांगणारा घोडा म्हणजे धनगरांचा भीमथडी. भीमेच्या खोऱ्यातलं हे काटक तट्टू आता देशातली आठवी नोंदणीकृत घोड्याची जात आहे. पुणे-सातारा-सोलापूरकडच्या मेंढपाळांचा वाडा दिवाळीनंतर हलतो तेव्हा संसार, कोकरं, कोंबड्या, कधी लहान पोरंही त्याच्या पाठीवर असतात. पण वर्ध्याकडे कळपाने चालायची परंपरा पाहायची तर ती गाईत पाहावी लागते, आणि खुराचं शास्त्र दोघांचं बरंचसं एक आहे.

गवळाऊ ही पांढरीशुभ्र, लांबट तोंडाची, बदामी डोळ्यांची, अंगाने सडसडीत गाय. बैलाच्या मानेवर आणि वशिंडावर राखाडी झाक असते. ओंगोल जातीशी तिचं साम्य आहे, पण बांधा हलका. डोंगराळ मुलखात झपाट्याने सामान हलवायला मराठ्यांच्या फौजा हे बैल वापरत, असं पशुपैदाशीवरच्या जुन्या लिखाणात नमूद आहे. कारंजा (घाडगे) तालुक्यात हेटीकुंडीला या जातीचं सरकारी पैदास प्रक्षेत्र आहे. दूध कमी, एका वेताला सरासरी 600 किलोच्या आसपास. संकरित गाईपुढे हा आकडा फारच लहान दिसतो, आणि गवळाऊचं सगळं दुखणं याच आकड्यात आहे. कारण गाय मोजायचं दुसरं माप आपण ठेवलेलंच नाही.

सकाळी दूध काढून झालं की कोठ्यातून गाई सुटतात आणि आखरावर, म्हणजे गुरं गोळा करायच्या जागी, जमतात. गळ्यातल्या घंटा-टापरांचा आवाज, वासरांचं हंबरणं, ढोरक्याची, म्हणजे गुराख्याची, एक विशिष्ट हाळी. मग एक वयस्क गाय पुढे होते आणि बाकीच्या मागे लागतात. पुढे कोण चालणार हे माणूस ठरवत नाही. मी या वेळी गाईंच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघते. आखराची भुसभुशीत माती, पांदणीच्या वाटेतला चिखल किंवा धूळ, मग नाल्यातली वाळू आणि गोटे, त्यानंतर काळ्या बेसाल्टचा उतार. तासाभरात खुराखालची जमीन इतक्या वेळा बदलते. नाल्यात उतरताना गाय थबकते, मान खाली घालते, पुढचा पाय टेकवून अंदाज घेते आणि मगच अंगाचा भार टाकते. त्या क्षणी खुराच्या दोन फाका किंचित उघडतात आणि पाय उचलला की मिटतात.

त्या उघडण्या-मिटण्यातच सगळं आहे. गाईचा खूर महिन्याला साधारण 5 मिलिमीटर वाढतो, घोड्याचा त्याहून जास्त. ही वाढ झिजायलाच हवी. झिजली नाही तर खूर पुढे लांबतो, टाच खचते, भार चुकीच्या जागी पडतो. टाचेत चरबी आणि तंतूंची एक गादी असते. पाय टेकला की ती दबते, धक्का शोषते आणि रक्त पुढे ढकलायला मदत करते. चालणाऱ्या जनावराची ही गादी भरीव राहते. सिमेंटच्या ओल्या फरशीवर दिवसभर उभ्या असलेल्या गाईच्या खुराला मात्र चालण्याचा फायदा नाहीच, वर शेण-मुताने कातडं मऊ पडतं. मागच्या पायाची बाहेरची फाक सहसा आधी दुखावते. त्यात दूध वाढवायला पेंड-भरड्याचा मारा झाला की पोटात आम्ल वाढतं आणि खुराच्या आतल्या नाजूक थराला सूज येते. घोड्यालाही धान्य जास्त झालं की हेच होतं. पाय बिघडतो तो बऱ्याचदा गव्हाणीतून.

म्हणून नाल वाईट आहे असं म्हणायला मी तयार नाही. गाईला कोणी नाल मारत नाही; पण डांबरी सडकेवर भरली बंडी ओढणाऱ्या बैलाचा खूर वाढीपेक्षा लवकर झिजतो आणि बैल लंगडायला लागतो. त्याला नाल हवीच. बैलाला दोराने आडवा पाडून, चारी पाय एकत्र बांधून नालबंद आधी खूर तासतो, मग प्रत्येक फाकेला वेगळी पत्री बसवतो; चार पायांना आठ. खिळा जिवंत भागाबाहेर, नुसत्या कडेच्या शिंगासारख्या थरातून वर निघाला पाहिजे. हे हाताचं कसब आहे आणि ते जाणणारी माणसं कमी होत चालली आहेत. अनवाणी घोड्याचा आग्रह धरणारे कधी कधी नालेला शत्रूच ठरवतात, ते मला पटत नाही. नाल कामासाठी असते. बांधून ठेवलेल्या जनावराच्या पायाचं दुखणं तिने बरं होत नाही.

युरोप-अमेरिकेतले घोडेपालक पैसे मोजून, कुंपणं घालून, खडी पसरून जे उभं करतात ते आष्टीच्या परिसरात आधीपासून होतं. पांदण म्हणजे दोन्ही बाजूंना बोरी-बाभळीचं कुंपण असलेली, गावातून शिवारात आणि शिवारातून रानात नेणारी अरुंद वाट. पिकात तोंड न घालता कळप पुढे सरकतो तो तिच्यामुळे. पाणी एकीकडे, चारा दुसरीकडे, विसावा तिसरीकडे. पिकं निघाल्यावर तोच कळप रात्री शेतात बसवला जातो आणि शेतकऱ्याला शेणखत मिळतं. दूध, तूप, खवा, खत आणि गोऱ्हे असा सगळा हिशेब धरला तर 600 किलोचा आकडा तितका केविलवाणा वाटत नाही.

ही वाट आता जागोजागी तुटते आहे. धुरा, म्हणजे शेताचा बांध, सरकवत सरकवत पांदणी शेतांत गेल्या. 2021 च्या मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून पाणंद रस्ते होत आहेत ही गरजेचीच गोष्ट, कारण पावसाळ्यात शेतात पोचायला रस्ता नसणं काय असतं ते शेतकऱ्यालाच ठाऊक. मात्र तो रस्ता ट्रॅक्टरच्या मापाने आखला जातो. कडेला जनावरांसाठी मातीचा पट्टा सोडावा असं आखणाऱ्याला सुचत नाही. पश्चिमेला ऊर्ध्व वर्धा धरणाच्या फुगवट्याखाली नदीकाठ गेला. रानात वाघ-बिबट्याचं भय आहेच.

सगळ्यात अवघड प्रश्न झुडपी जंगलाचा. पूर्व विदर्भातल्या, वर्ध्यासह सहा जिल्ह्यांतल्या महसुली कागदांवर ही नोंद आहे. झाडं नीट न वाढणारी, मुरमाड, झुडपांची, पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारायची जमीन. 22 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिला वनजमीन मानलं. जमिनी बळकावणाऱ्यांना त्याने आळा बसत असेल तर चांगलंच. पण तिथे चर खणून दाट रोपवन लावलं आणि तारेचं कुंपण घातलं, तर गवतही जाईल आणि वाटही.

2006 च्या वनहक्क कायद्यात चराईचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे, स्थायिकांचाही आणि फिरत्या पशुपालकांचाही. ग्रामसभांनी सामूहिक दावा करताना किती हेक्टर एवढंच लिहून थांबू नये. आखर कुठे, पांदण कुठून निघते, नाला कुठे ओलांडायचा, दुपारचं पाणी कुठे, उन्हाळ्यातली वाट वेगळी असेल तर ती कोणती, हे सगळं नकाशावर ओढून दाव्याला जोडावं. वाटा ढोरक्यांना तोंडपाठ आहेत. दाव्याचे कागद तयार करताना त्यांना सोबत घेऊन एकदा त्या पायी चालून बघाव्यात.