हट्टीच्या गारगोटीतला थेंब

गेल्या सुट्टीत कलबुर्गीहून आम्ही रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीला, सोन्याच्या खाणीच्या गावी, पाहुण्यांकडे गेलो होतो. येताना धाकटीने पांढरी गारगोटी उचलून आणली. "बेणचुकल्लु कशाला गं घरात?" आजी म्हणाली. मीही ती फेकणारच होतो. भूगर्भशास्त्राच्या सहकाऱ्याने थांबवले, "सर, यात पाणी असू शकतं!"

हट्टीचे सोने अशाच गारगोटीच्या शिरांत मिळते. सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातले गरम पाणी खडकांच्या भेगांत शिरले. त्यात गंधकाच्या सोबतीने सोने विरघळलेले होते. दाब घटला, लोहयुक्त खडकाने गंधक ओढून घेतले आणि सोने मागे राहिले. पाणी गेले, पण गारगोटी तयार होताना त्याचे काही सूक्ष्म थेंब आतच कोंडले गेले.

गारगोटीची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली तापवली, की थेंबातला बुडबुडा ठरावीक तापमानाला नाहीसा होतो. मूळ पाणी किमान तितके गरम होते, हे त्यावरून कळते. गोठवल्यावर खारटपणा समजतो. हट्टीचे पाणी कमी खारट, कार्बन डायऑक्साइड असलेले निघाले. तांब्या-सोन्याच्या कित्येक साठ्यांत मात्र थेंबात चक्क मिठाचे स्फटिक दिसतात. कोणते धातू कसे साठले, याचा माग असा लागतो.

जवळच्या मस्कीला १९१५ मध्ये सोने शोधणाऱ्या बीडन या अभियंत्याला अशोकाचा शिलालेख सापडला. गारगोटीतला लेख त्याहून कितीतरी जुना. तो वाचायला आपल्या मुलांनी का शिकू नये?

घरात सगळ्यांचा कल इंजिनिअरिंगकडे. धाकटी मात्र भूगर्भशास्त्रावर अडून बसली आहे. आजी हसून म्हणते, "हट्टीला गेली, ती हट्टीच होऊन आली!"

गारगोटी आता तिच्या टेबलावर आहे.